काटे मोजा, रंग नंतर

दसऱ्याच्या सुट्ट्या सुरू झाल्या की माझ्या फोनवर कोळ्यांचे फोटो यायला लागतात. हैदराबादची मराठी कुटुंबं सुट्टीत गावाकडे जातात, आंबोली, गोवा, कारवार असं फिरून येतात. तिथल्या ओल्या रानात पायवाटेवरून चालताना अचानक तोंडासमोर जाळं येतं आणि जाळ्याच्या मध्यभागी केशरी-पिवळा, शिंगं असलेला एक जीव दिसतो. काचीगुड्याच्या शाळेत मी ज्यांना जीवशास्त्र शिकवलं ती मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. असं काही दिसलं की ती आधी मला फोटो पाठवतात, आणि निवृत्तीनंतरही हा शिरस्ता चालू राहिला याचा मला मनापासून आनंद आहे.

"बाई, हा विषारी आहे का?" हा पहिला प्रश्न. लगेच दुसरा, "याचं नाव काय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे विष असतं, कारण जाळ्यात अडकलेल्या माशीला लुळं केल्याशिवाय त्यांना जेवता येत नाही. पण या काटेरी कोळ्याच्या विषाने माणसाला धोका नाही. तो अंगावर येत नाही. जाळं हललं तर कडेला पळतो, नाहीतर धाग्यावरून खाली उतरून पाल्यात जातो. पाठीवरचे काटे म्हणजे टणक कवचाचीच टोकं, त्यांत विष नसतं. पक्ष्याला किंवा सरड्याला असा घास गिळणं जड जावं यासाठी ते असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी घाई करत नाही.

मागच्या ऑक्टोबरात आंबोलीहून एका विद्यार्थिनीने पाठवलेला फोटो मी जपून ठेवला आहे. कोळी तिच्या मुलीने पाहिला होता. आंबोलीत वर्षाला साधारण ७,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे हैदराबादेत ८०० च्या आसपास. त्यामुळे तिथलं प्रत्येक पान, प्रत्येक दगड शेवाळाने हिरवा, आणि त्या हिरव्यावर हा केशरी ठिपका उठून दिसत होता. मुलीने विचारलं होतं, "आजी, हा कोळी आहे की खेकडा?" प्रश्न अगदी योग्य होता. अमेरिकेतल्या याच्या भाऊबंदाला लिनियसने १७५८ मध्ये कॅन्क्रिफॉर्मिस, म्हणजे खेकड्याच्या आकाराचा, असंच नाव दिलं.

मी तिला फोटो मोठा करायला सांगितला. असा कोळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की त्याला डोकंच नाही. पुढचा भाग, ज्यावर डोळे आणि आठ पाय असतात, तो लहान आणि काळा, पोटाखाली अर्धा झाकलेला. दिसतं ते सगळं पोटच. तेही गोल नाही, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, वरून सपाट आणि कडक. सगळा जीव मिळून शर्टाच्या बटणाएवढा. या पोटाच्या कडेला सहा काटे असतात. ते एका दमात सहा असे मोजू नयेत, तीन जोड्यांत मोजावेत: पुढची जोडी, बाजूची म्हणजे मधली जोडी आणि मागची जोडी. मग प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारावेत. लांबी किती? जाडी किती? शेजारच्या जोडीपासून अंतर किती?

आमच्या फोटोत पुढची जोडी इतकी बारीक होती की पहिल्या नजरेला काटे चारच वाटत होते. ती मधल्या जोडीच्या बुडाशी लागून होती. मधली जोडी मात्र भक्कम, बुडाशी जाड, टोकाला निमुळती, बाजूला रोखलेली. मागची जोडी आखूड. पाठीवर पुढच्या कडेने काळ्या ठिपक्यांची एक ओळ, मागच्या कडेने दुसरी, आणि मध्ये चार ठिपके. मुलीने हे सगळं स्वतः मोजून फोनवर सांगितलं. तेव्हाच मी नाव सांगितलं: हासेल्टी. पिवळ्या-केशरी रंगाचा, भारतापासून इंडोनेशियापर्यंत सापडणारा काटेरी कोळी.

ते काळे ठिपके नुसती नक्षी नाही. ते बारीक खळगे आहेत. कवचाच्या आतून स्नायू जिथे येऊन चिकटतात तिथे बाहेरून हे ठसे उमटतात. स्नायूंची जागा एका जातीत सहसा बदलत नाही, म्हणून ठशांची मांडणीही बदलत नाही. रंगाचं तसं नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

लोक फोटो पाठवताना लिहितात, "बाई, लाल काटेरी कोळी", "पिवळा काटेरी कोळी", जणू दोन वेगळे जीव. दक्षिण सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत लांब शिंगांचा एक कोळी असतो, मॅक्रकँथा आर्क्युएटा. त्याच्या मधल्या काट्यांची जोडी पोटाच्या रुंदीपेक्षाही लांब वाढते आणि कमानीसारखी वळते. एकदा पाहिला की विसरत नाही. तो लाल असतो, पिवळा असतो, काळाही असतो, आणि तिन्ही रंगांची जात एकच. अमेरिकेतला कॅन्क्रिफॉर्मिस पांढरा, पिवळा, केशरी अशा रूपांत भेटतो, काटे कधी लाल तर कधी काळे. उलट दोन वेगळ्या जातींचे पिवळे कोळी शेजारी ठेवले तर रंगावरून त्यांना एकच ठरवण्याचा मोह होतो. डोळ्यांत सगळ्यात आधी भरतो तो रंग, आणि ओळख पटवायला सगळ्यात कच्चा पुरावाही तोच.

हे माझं एकटीचं मत नाही. थायलंडमधल्या तीन संशोधकांनी २०२१ मध्ये तिथल्या काटेरी कोळ्यांचा नव्याने आढावा घेतला. शरीररचना पाहिली, जनुकंही तपासली. त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की जात ठरवायला काट्यांचा आकार, ठशांची मांडणी आणि मादीच्या पोटाखालचं जननांग या तीन गोष्टी महत्त्वाच्या, रंग बहुतेक जातींत आतल्या आत खूप बदलतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. आमचा आंबोलीचा हासेल्टी तोवर गॅस्टरकँथा या मोठ्या वंशात मोजला जात होता. जनुकांनी दाखवलं की त्याचं सगळ्यात जवळचं नातं लांब शिंगांच्या मॅक्रकँथाशी आहे. म्हणून त्याचं नाव आता मॅक्रकँथा हासेल्टी असं लिहावं, असं त्यांनी सुचवलं. जुनी पुस्तकं, जुने लेख यांत गॅस्टरकँथा हासेल्टी भेटला तर गोंधळू नका, जीव तोच आहे.

हासेल्टी या नावामागे एक गोष्ट आहे, ती मी वर्गात नेहमी सांगायची. हाइन्रिख कूल आणि योहान व्हान हासेल्ट हे दोन तरुण निसर्ग-अभ्यासक, एकमेकांचे मित्र. डच सरकारने त्यांना जावा बेटावर प्राणी-वनस्पती गोळा करायला पाठवलं. तिथल्या हवेने आणि कष्टांनी कूल १८२१ मध्ये गेला, वय २४ सुद्धा पूर्ण झालं नव्हतं. हासेल्ट एकट्याने काम चालवत राहिला आणि दोन वर्षांनी, १८२३ मध्ये, तोही गेला. बोगोरच्या वनस्पती उद्यानात दोघांचं स्मारक एकत्र आहे. पुढे १८३७ मध्ये जर्मन अभ्यासक कोख याने दोन काटेरी कोळ्यांना नावं दिली, एक हासेल्टी आणि दुसरा कूहली. कूहली पांढऱ्या पाठीचा, काळ्या डागांचा, आखूड काट्यांचा. हे दोन्ही कोळी भारतातही आहेत. आठवीतल्या मुलांना लॅटिन नावं पाठ होत नाहीत, पण या दोन मित्रांची गोष्ट ऐकल्यावर ही दोन नावं कुणीच विसरलं नाही.

मग हा रंग आहे कशासाठी? मुलं हमखास विचारतात, आणि या प्रश्नावर अभ्यासकांतही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या पर्जन्यवनात फॉर्निकाटा नावाचा काटेरी कोळी असतो, काळ्या पाठीवर पिवळे पट्टे. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या सफरीत जोसेफ बँक्सने तो गोळा केला आणि फॅब्रिशियसने १७७५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याच कोळ्यावर एक प्रयोग झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पिवळे पट्टे रंगाने काळे केले, तर जाळ्यात कीटक कमी सापडले. म्हणजे भडक रंग कीटकांना ओढून घेतो. पण ब्राझीलमध्ये कॅन्क्रिफॉर्मिसवर तशाच तऱ्हेचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, आणि तिथे रंगामुळे शिकार वाढत असल्याचं दिसलं नाही. दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले. कदाचित प्रत्येक जंगलात, प्रत्येक जातीत रंगाचं काम वेगळं असेल. सह्याद्रीतल्या हासेल्टीवर आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग करावा, असं मला फार वाटतं. त्याला ब्रश, रंग आणि चिकाटी लागते, महागडी यंत्रं नाहीत.

फोटोत येते ती जवळजवळ नेहमी मादी असते, हेही सांगायला हवं. मादी सात ते दहा मिलिमीटरची. नर दोन-तीन मिलिमीटरचा, रंगाने मळकट, काटे नावापुरते. मादीच्या जाळ्याजवळ तो एका धाग्याला लोंबकळत असतो आणि ठेका धरल्यासारखा धागा हलवून आपण आल्याची वर्दी देतो. जाळं मिळालं तर मिनिटभर आजूबाजूला बघा. मादीवरची नजर काढली तरच नर दिसतो.

आता जाळ्याकडे वळू. पहिल्या भेटीत लोक कोळ्याचा जवळून फोटो घेतात आणि जाळं चौकटीबाहेर जातं. मला जाळंही हवं असतं. चाकासारखं गोल, किंचित तिरकं टांगलेलं, आणि त्याला धरणारे आधाराचे धागे कधी या झाडापासून त्या झाडापर्यंत गेलेले. काटेरी कोळ्याच्या जाळ्याची एक खूण असते: आधाराच्या धाग्यांवर ठरावीक अंतराने पांढऱ्या रेशमाचे बारीक गोंडे. सकाळचं ऊन तिरकं असताना जाळं दिसत नाही, पण हे गोंडे हवेत तरंगताना दिसतात. पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते मोडू नये म्हणून ते असावेत, असं काही जण म्हणतात, कीटकांना भुलवायला असावेत, असं काही जण. मादी मध्यभागी खाली डोकं करून बसते, आणि जाळं तिरकं असल्याने त्याच्या खालच्या अंगाला लटकते. म्हणून जाळ्याच्या एका बाजूने तिची पाठ दिसते आणि दुसऱ्या बाजूला गेलं की पोट. हात न लावता, काडी न खुपसता दोन्ही फोटो मिळतात.

पोटाखालचा फोटो कुणी आपणहून पाठवत नाही, कारण तिथे पाठीसारखा भडक रंग नसतो. पण अभ्यासक आधी तिथेच बघतो. पोटाच्या खाली मध्यभागी एक उंच, काळं कडं असतं आणि धागा काढणारे अवयव त्या कड्याच्या आत असतात. त्याच्या पुढे मादीचं जननांग. फोनच्या कॅमेऱ्यात ते नेहमीच स्वच्छ येतं असं नाही, पण आलं तर शंका उरत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बी. के. टिकादर यांनी पुण्याच्या केंद्रात राहून महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर मोठं काम केलं. त्यांचा जाळी विणणाऱ्या कोळ्यांवरचा खंड १९८२ मध्ये निघाला. त्यातली चित्रं नुसत्या काळ्या रेषांची आहेत. रंगाशिवाय ओळख पटवायची सवय लावायला त्या चित्रांसारखा गुरू नाही, असं माझं ठाम मत आहे. मी विद्यार्थ्यांना आधी ती चित्रं दाखवायची, रंगीत फोटो मागाहून.

हे सगळं वाचून वाटेल की काटेरी कोळी पाहायला आंबोलीलाच जायला हवं. तसं नाही. आमचं हैदराबाद पर्जन्यवनाचं गाव नव्हे. इथे ग्रॅनाइटच्या शिळा, त्यांच्या खाचांत उगवलेलं सीताफळ, घाणेरी, खैर-बाभळीची झुडपं. तरी पावसाळा ओसरला की गच्चीबावलीकडच्या खडकाळ माळावर दोन झुडपांच्या मध्ये मला काटेरी कोळी भेटत आला आहे. दुधाळ-पिवळट पाठ, तीवर गडद आडवे पट्टे, कडेने टोकदार काटे. हा जेमिनाटा, फॅब्रिशियसने १७९८ मध्ये नाव दिलेला, भारत आणि श्रीलंकेतला. आंबोलीच्या केशरी कोळ्यापुढे तो साधा वाटतो, पण सूर्य त्याच्या मागे असताना बघा. तिथे गवत कापणाऱ्या एका मावशींनी मला गुडघ्यावर बसून फोटो काढताना पाहिलं आणि म्हणाल्या, "साले पुरुगु. एमी चेय्यदु, अम्मा." कोळी आहे, काही करत नाही. त्यांनी कापताना तेवढं झुडूप तसंच सोडलं.

आता तो माळ आक्रसत चालला आहे. शिळा फोडून इमारती उभ्या राहतात, आणि ज्या जमिनी उरतात त्यांवर हिरवळ लावताना झुडपं आधी उपटली जातात. काटेरी कोळ्याला हिरवळ उपयोगाची नाही. त्याला समोरासमोर दोन उंच आधार हवेत आणि मध्ये मोकळी हवा हवी. सोसायटीच्या कोपऱ्यात चार देशी झुडपं छाटल्यावाचून राहिली तरी त्याचं भागतं. बैठकीत मी हा मुद्दा दरवर्षी मांडते.

आणखी एक गोष्ट, जरा गंभीर. हैदराबादहून बंगळूरला जाताना गुत्ती लागतं. तिथल्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका मोठ्या, केसाळ, चमकत्या निळ्या कोळ्याचं वर्णन पोकॉक या ब्रिटिश अभ्यासकाने १८९९ मध्ये केलं. नंतर जवळजवळ शतकभर त्याच्याविषयी काही कळलं नाही. पुढे तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो अतिशय धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, जंगलतोड हे एक कारण आणि त्याचं सौंदर्य हे दुसरं. जगभरचे शौकीन असे कोळी पाळण्यासाठी विकत घेतात, आणि पकडणारे पत्ता शोधत येतात. काटेरी कोळ्यावर अशी वेळ आलेली नाही. तरी सुंदर, दुर्मिळ जीवाचा फोटो सगळ्यांना पाठवताना अमुक मैलाच्या दगडाजवळ, तमुक ओढ्याकाठी, असा नेमका पत्ता लिहू नये, हे गुत्तीच्या उदाहरणावरून मी प्रत्येकाला सांगते. तालुक्याचं नाव आणि महिना पुरे. सविस्तर नोंद अभ्यासकाला द्यावी.

जगात कोळ्यांच्या ज्ञात जातींची संख्या २०२२ मध्ये ५०,००० वर गेली. भारतातल्या सुमारे १,९००. थायलंडच्या त्या अभ्यासात काटेरी कोळ्यांच्या एका नावाखाली आणखी वेगळ्या जाती दडलेल्या असण्याची शक्यता दिसली. आपल्या सह्याद्रीत काय आहे हे कळायला हवं असेल, तर नीट काढलेले फोटो आणि खऱ्या नोंदी हव्यात. आणि जिथे खात्री नसेल तिथे "काटेरी कोळी, जात ठरलेली नाही" असं लिहिण्याची तयारी हवी. अर्धवट फोटोवर ठोकून दिलेलं नाव पुढच्या दहा जणांना चुकीच्या वाटेला लावतं. मी स्वतः अशा कित्येक फोटोंना कुळापर्यंतच नाव देते आणि तिथेच थांबते.

म्हणून एवढंच मागणं. पावसाळ्यानंतर आंबोलीला जा, गोव्याला जा, नाहीतर घरामागच्या माळावर जा, पण असा कोळी दिसला तर चार फोटो घ्या: पाठीचा वरून, पोटाचा खालून, काट्यांचा बाजूने आणि पूर्ण जाळ्याचा. तारीख लिहून ठेवा. जाळं पायवाटेवर असेल तर वाकून जा, काठीने तोडू नका. बरोबर लहान मूल असेल तर काटे त्यालाच मोजू द्या.